झोपाळा वाजतोय तोवर

माझी लेक दहा वर्षांची होईपर्यंत आम्हा दोघांच्या मधे झोपत असे. हे मी बाहेर कोणाला सांगत नसे, कारण मी बडोद्यातल्या एका गुजराती शाळेत सहावीची वर्गशिक्षिका आहे आणि मुलांना स्वावलंबी कसं करावं हे पालकसभेत आयांना सांगणं माझ्या कामाचाच भाग आहे. दप्तर त्यांचं त्यांना भरू द्या, डबा धुऊ द्या, वेगळं झोपायची सवय लावा. हे सगळं मी दरवर्षी गुजरातीत ठासून सांगायची आणि घरी येऊन लेकीचं दप्तर भरायला बसायची.

माझी नणंद करजणला असते. एकदा दोन दिवस राहायला आली तेव्हा तिने हा प्रकार पाहिला आणि लेकीच्या देखतच म्हणाली, एवढी घोडी झाली तरी आईच्या कुशीत? लेकीचं तोंड एवढंसं झालं. मला नणंदेचा राग आला, आणि माझ्या रागाची गंमत अशी की तो आला तिच्यावर आणि निघाला लेकीवर. त्याच वर्षी आम्ही छाणीकडे जरा मोठ्या फ्लॅटमध्ये राहायला आलो होतो. तिसरी खोली इस्त्रीच्या कपड्यांनी आणि रिकाम्या खोक्यांनी भरलेली होती. ती मी एका रविवारात रिकामी केली, पलंग लावला, निळे पडदे लावले आणि आजपासून ही तुझी खोली असं सांगून टाकलं.

पहिले आठ दिवस फार वाईट गेले. ती रडायची नाही. रडली असती तर बरं, निदान रागावता तरी आलं असतं. ती उशी घेऊन आमच्या दारात येऊन नुसती उभी राहायची. शेवटी मी हात टेकले आणि आमच्यात करार झाला.

आमच्या दिवाणखान्यात झोपाळा आहे. बडोद्यात झोपाळ्याशिवाय घर म्हणजे पाहुण्यांना कुठे बसवायचं हा प्रश्नच. आमचा लाकडी फळीचा, पितळी कड्यांचा, आणि त्याच्या उजव्या बाजूच्या कडीला कितीही तेल घाला, ती कुरकुरतेच. झोपाळा तिच्या खोलीच्या भिंतीला लागूनच आहे. ठरलं ते असं: तिच्या खोलीचं दार वीतभर उघडं राहील, मी झोपाळ्यावर बसेन आणि ती झोपेपर्यंत झोके घेत राहीन. झोपाळा वाजतोय तोवर आई आहे. फारच वाटलं तर तिने आतून हाक मारायची, "आई, आहेस ने?" आमच्या घरात चार पिढ्या 'ना'च्या जागी 'ने'च येतो. मी नुसतं "हं" म्हणायचं. बोलत बसायचं नाही.

हा करार वर्षभर उत्तम चालला. ती साडेनऊला आडवी व्हायची, मी वह्या तपासायला घेऊन झोपाळ्यावर बसायची. पायाने टेकत टेकत, एका हाताने वही धरून. दोन हाका यायच्या, कधी तीन. दहा वाजेपर्यंत आतून झोपेतल्या संथ श्वासाचा आवाज यायचा आणि मी उठायची. खरं सांगायचं तर तो अर्धा तास मला आवडायला लागला होता. पण रोजचा, सुट्टीशिवायचा अर्धा तास कितीही आवडता असला तरी एक दिवस गळ्याशी येतोच.

ती अकरा वर्षांची असताना, नवरात्राला दीड महिना असेल, चौथ्या मजल्यावरच्या शेजारणीने मला लिफ्टमध्ये पकडलं. मागच्या गल्लीतल्या पार्टी प्लॉटमध्ये, म्हणजे लग्नकार्याला भाड्याने देतात त्या मैदानात, गरब्याचा सराव सुरू झाला होता, रोज पावणेदहा ते साडेदहा, फक्त बायका. मी म्हटलं, आता या वयात? ती म्हणाली, "बेन, पग तो छे ने? तो चालो." पाय तर आहेत ना, मग चला. कॉलेजात असताना मी नऊच्या नऊ रात्री नाचायची आणि सकाळी आठच्या तासाला हजर असायची. लग्नानंतर, लेकीनंतर ते सगळं कधी सुटलं ते कळलंही नव्हतं. त्या लिफ्टमध्ये मला एकदम त्याची भूक लागली. दुसरा शब्द नाही माझ्याजवळ.

लेकीला सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. सांगितलं असतं तर ती "बरं" म्हणाली असती आणि उशी घेऊन दारात उभी राहिली असती, आणि तिला तशी बघून मी गेले नसते. मला जायचं होतं, म्हणून मी सांगितलं नाही. तेव्हा स्वतःशी मात्र हे वेगळ्या शब्दांत म्हणायची: मी खोटं थोडंच बोलतेय, फक्त न सांगता जातेय. एखाद्या मुलाने वर्गात मला हे ऐकवलं असतं तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं.

नवऱ्याला कामाला लावलं. लेकीला पांघरूण घालून मी बाहेर यायची, झोपाळ्यावर दोन झोके घ्यायची आणि झोपाळा थांबू न देता उठायची. तो पटकन माझ्या जागी बसायचा. पहिल्या दिवशी तो विचारायला लागला की तिने हाक मारली तर काय करू. मी म्हटलं, माझ्यासारखं "हं" म्हण. त्याने म्हणून दाखवलं. ते ऐकून मला इतकं हसू आलं की पदर तोंडात कोंबावा लागला. शेवटी ठरलं की त्याने हळूच खोकायचं. मी चपला हातात घेऊन दाराबाहेर पडले.

परत आल्यावर त्याने हिशोब दिला. दोन हाका आल्या, दोनदा खोकलो, मग शांत. दुसऱ्या दिवशी एक हाक. तिसऱ्या दिवसापासून हाक आलीच नाही. मी इतकी खूष झाले की करजणला फोन लावून नणंदेला ऐकवलं, शिकली बघा एकटी झोपायला, आता हाकसुद्धा मारत नाही. शाळेतल्या पालकसभेतही सांगितलं, नाव न घेता, एक मुलगी मला माहीत आहे म्हणून. थोडा धीर धरला की मुलं आपोआप शिकतात, असंही वर म्हटलं. समोरच्या आया माना डोलवत होत्या.

महिनाभर मी रोज गेले. पायाला फोड आले, कंबर धरली, आणि आरशात बघताना मला बऱ्याच वर्षांनी मीच दिसायला लागले. घरात चिडचिड कमी झाली होती, हे नवराही म्हणाला.

मधेच लेकीच्या शाळेतून चिठ्ठी आली. पहिल्या तासाला पेंगते, लक्ष नसतं. तिची शाळा सकाळची, सव्वासातची. मी डोळे तपासून आणले, खजूर सुरू केले, बीट किसून कोशिंबिरीत घालायला लागले. मग मला वाटलं, ही अंथरुणात बॅटरी लावून वाचत असणार. उशीखाली गोष्टींचं पुस्तक सापडलंही. मी ते जप्त करून कपाटावर टाकलं आणि तिला दहा मिनिटं बोलले. झोपेची किंमत कळत नाही, आम्ही तुझ्यासाठी एवढं करतो, वगैरे जे जे बोलतात ते सगळं. ती ऐकून घेत होती. एकदा वर बघून काहीतरी म्हणणार होती, पण मूग गिळून गप्प बसली. मी ते पाहिलं होतं आणि त्याला उद्धटपणा समजले होते.

मग एका संध्याकाळी धो धो पाऊस झाला आणि पार्टी प्लॉटमध्ये गुडघाभर पाणी साचलं. सराव रद्द झाल्याचं मला ऐनवेळी, लेकीला पांघरूण घालून बाहेर आल्यावर फोनवर कळलं. नवरा जागेवर बसायला येतच होता. मी त्याला हाताने जा म्हणून खुणावलं आणि झोपाळ्यावरच बसून राहिले. वही नव्हती, काही नव्हतं. पायाने टेकत झोके घेत होते. पाचसात मिनिटं झाली असतील.

आतून आवाज आला, "आई, आज नाही गेलीस?"

मी झोपाळा पायाने थांबवला. उठून आत गेले तर ती भिंतीकडे तोंड करून पडली होती, डोळे टक्क उघडे. मी काठावर बसले आणि विचारलं की तुला कोणी सांगितलं. तिला वाटलं मी रागावलेय, म्हणून ती पटकन म्हणाली, कोणी नाही, बाबाचा झोका लांब असतो, तुझा पाय सारखा टेकतो. पहिल्याच दिवशी कळलं होतं. मग तू हाक मारायची का थांबलीस, असं मी विचारलं. तिने भिंतीवर बोटाने एक रेघ ओढली. मग म्हणाली, "बाबाला उगीच खोकायला लागायचं."

"आणि मग झोपायचीस कशी?"

"तू आलीस की. लिफ्टचं दार वाजतं ने, मग तू किल्ली हळू फिरवतेस. मग झोपते."

साडेदहाला मी यायची. कधी शेजारणीशी खाली गप्पा मारत उभी राहिले तर पावणेअकरा. ती साडेनऊपासून तशीच पडून असायची, अंधारात, बाबाचे लांब झोके ऐकत, आणि पहाटे साडेपाचला मीच तिला हलवून उठवायची. महिनाभर. मी तिला खजूर देत होते. मी तिचं पुस्तक कपाटावर टाकलं होतं.

मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नाही. फसवल्याची लाज होतीच. पण त्याहून मोठी ही की अकरा वर्षांची पोर मला सांभाळून घेत होती, बापालाही सांभाळून घेत होती, आणि मी त्याला शिकली म्हणत गावभर मिरवत होते. मी तिला म्हटलं की चुकलं माझं, उद्यापासून जाणार नाही. हे म्हणतानासुद्धा माझ्या मनाच्या एका कोपऱ्यात नवरात्राला आता दहाच दिवस राहिलेत हा विचार येऊन गेला. तोही इथे लिहायला हवा.

ती उठून बसली. माझ्याकडे न बघता पांघरुणाची कड नीट करत म्हणाली, "जा तू. पण सांगून जा. आणि आलीस की आत येऊन सांग."

मी तीन दिवस गेले नाही. चौथ्या दिवशी तिनेच माझ्या गरब्याच्या मोजड्या शोधून आणून दारात ठेवल्या. मी पांघरूण घातलं आणि म्हटलं, मी जातेय, साडेदहाला येईन. तिचा चेहरा ताठ झाला, दात ओठांत रुतले, पण ती मान हलवून हो म्हणाली. नवरा झोपाळ्यावर बसला नाही. त्याची आता गरज नव्हती. सरावात माझी पावलं सगळी चुकली. शेजारीण विचारत राहिली काय झालं म्हणून, मी पाय दुखतोय म्हटलं. सव्वादहालाच परतले आणि तिच्या दारात उभी राहून म्हणाले, "आले."

आतून आलं, "हं." अगदी माझ्यासारखं.

याला आता चार वर्षं झाली. ती दहावीत आहे, उंचीने माझ्यापुढे गेली आहे. पण तो "हं" आमच्यात राहिला. मी कुठूनही उशिरा आले, लग्नाहून, शाळेच्या सहलीहून, दवाखान्यात सासऱ्यांच्या उशाशी बसून, तरी तिच्या दारात थांबून "आले" म्हणायचं आणि तिने "हं" म्हणायचं. चार वर्षांत एकदाही तो "हं" चुकला नाही. लोकांना यात माया दिसते. नणंद तर कौतुकाने सांगत फिरते. मला दर वेळी मनात तेच येतं की अजूनही ही जागीच आहे. मी शिकवलं ते हेच. पालकसभेत हल्ली मी झोपण्याविषयी बोलत नाही. कोणी विचारलं तर म्हणते, मुलांना खरं सांगून जा, बाकी मला माहीत नाही.

यंदा सराव सुरू झाला तेव्हा मी नेहमीप्रमाणे तिच्या खोलीत जाऊन सांगितलं. ती गणितं करत होती. मान वर न करता म्हणाली, जा ने. मी गेले. मनासारखी नाचले, शेजारणीबरोबर उसाचा रस प्यायले, पावणेअकराला किल्ली फिरवली. मुद्दाम जोरात फिरवली, आता चोरून यायचं काही कारण नव्हतं. तिच्या खोलीत अंधार होता. दारात उभी राहून म्हटलं, "आले."

उत्तर आलं नाही.

पुन्हा म्हटलं. पंख्याचा आवाज येत होता तेवढाच. मग मी आत गेले आणि दिवाणखान्यातला उजेड तिच्या तोंडावर पडेल इतकं दार उघडलं. ती उताणी पडली होती, एक हात पलंगाबाहेर लोंबत होता, तोंड अर्धवट उघडं, उशीवर लाळेचा डाग. झोपेचं सोंग घेणारं माणूस तोंड उघडं टाकत नाही, हे इतकी वर्षं वर्ग सांभाळून मला कळतं. गणिताची वही उशाशी पडली होती. ती उचलून मी टेबलावर ठेवली. ती हललीसुद्धा नाही.

किती वेळ उभी होते कोण जाणे. चार वर्षं याच एका गोष्टीची वाट बघत होते, आणि तिसऱ्यांदा "आले" म्हणायला माझं तोंड उघडलं होतं. ते मी मिटलं. दार ओढून घेतलं, वीतभर न ठेवता पूर्ण. दिवाणखान्यातून जाताना माझा धक्का झोपाळ्याला लागला आणि ती उजवी कडी कुरकुरली. मी दोन्ही हातांनी फळी धरली आणि झोपाळा पार थांबेपर्यंत सोडली नाही.