समुद्राकडे पाठ

बहरीनमध्ये हिद्दला बंदराजवळच्या बांधावर आम्ही कोकणातली मंडळी संध्याकाळी बसायचो, तेव्हा सगळ्यांची तोंडं समुद्राकडे असायची आणि इस्माईलभायचं एकट्याचं रस्त्याकडे. कुणी छेडलं तर म्हणायचा, "पानी बघून पोट भरलाय माजा. मना माणसं बघू द्या." तो क्लिअरिंग एजंटकडे क्लार्क होता. माझ्या स्पेअर पार्टच्या दुकानाचा माल तोच सोडवायचा. कस्टमच्या खिडकीवर माझा आवाज चढला की मला दंडाला धरून बाहेर काढायचा. "हनीफ, तू भायेर ऱ्हा. तुज्या तोंडानं माल कुजेल इथंच."

मी रत्नागिरीहून हमाली करायला आलो आणि दुकानाचा मालक झालो. मला फसवणं सोपं नाही. इस्माईलभायनं फसवलं. ते मी विसरलेलो नाही.

नव्वदच्या दशकाच्या मध्याला दक्षिण आफ्रिका आपल्या लोकांना मोकळी झाली. जोहान्सबर्गला जुन्या गाड्यांचे भाग बघायला मी निघालो, तर हा रजा टाकून हजर. "तू जन्मात काय बघितलंस रे? शटर वर, शटर खाली, खलास! गाडी घेऊ, हत्ती बघू, शेर बघू, वालवंट बघू. यल्ला, चल!" माझ्यासाठी कुणी एवढं कधी आखलं नव्हतं. मी हरखलो. भाड्याच्या गाडीसाठी घासाघीस मी केली, रस्ता त्यानं ठरवला.

खरं सांगतो, ते दिवस सुखाचे होते. बोट्स्वानात हत्तींचा कळप रस्ता ओलांडेपर्यंत आम्ही श्वास रोखून बसलो. नामिबियातल्या एका पांढऱ्या खाऱ्या मैदानात पाणवठ्यावर हत्ती आले, ते चिखल अंगावर वाळून डोक्यापासून पायापर्यंत पांढरे झालेले. पावलांचा आवाज नाही. इस्माईलभाय हळूच म्हणाला, "बघ, कफन नेसून आलेत." मी हसलो. तो हसला नाही.

तिथून लाल टेकड्या, लांब शिंगांची हरणं, मग नुसती वाळू, आणि वाळू संपली तिथे थेट समुद्र. धुकं असं की लाटा ऐकू येत होत्या, दिसत नव्हत्या. किनाऱ्यावर गंजलेली जहाजं, वाळूत पांढरी हाडं. गाडी थांबवून तो म्हणाला, "युसूफ इथंच खंय तरी हाय."

युसूफ त्याचा धाकटा भाऊ. मालवाहू जहाजावर खलाशी होता. जहाज बुडालं एवढं मला ठाऊक होतं, कुठं ते त्यानं कधी सांगितलं नव्हतं. गावी युसूफची बायको जैनब अजून हिरव्या बांगड्या घालत होती. मयत समोर नसतानाही जनाज्याची नमाज आम्हा शाफई पंथाच्या मुसलमानांमध्ये चालते. पण थोरल्या भावानं हो म्हटल्याशिवाय गावची जमात ती पढेना, आणि नमाज नाही तोवर जैनब ना सुवासिनी ना विधवा. गावातल्या एका भल्या विधुरानं तिच्यासाठी निरोप पाठवला होता. तोही ताटकळत होता.

"म्हणजे हत्ती, शेर हे सगळं नाटक?" माझं डोकं फिरलं. "मला कशाला आणलंस?"

"एकट्याला धीर नव्हता, बाला. मागं उभा ऱ्हा. आज पढतो."

चिडलेलाच मी मागे उभा राहिलो. त्यानं हात उचलले, पहिली तकबीर, अल्लाहू अकबर, म्हटली. तेवढ्यात धुक्यातून हाका आल्या. एक, मग दुसरी, मग कितीतरी. बुडणारी माणसं ओरडावीत तशा. पुढे खडकांवर काळी अंगं हलताना दिसली तेव्हा कळलं, सील होते, समुद्रातली जनावरं.

इस्माईलभायचे हात खाली आले होते.

"जनावरं आहेत ती!" मी ओरडलो. "पूर्ण कर!"

"दिसतात मना. पन हाक मारणाऱ्याचा जनाजा कसा पढू?"

बहरीनला आल्यावर त्यानं गावी फोन करून सांगितलं, युसूफ तिथून हाका मारतो. जमात नमाज पढेना. विधुरानं दुसरीकडे निकाह केला.

दोन वर्षांनी इस्माईलभाय उम्म अल हस्सम वस्तीतल्या त्याच्या खोलीत झोपेतच गेला. त्याला तिथेच दफन केलं. त्याचं सामान घेऊन मी गावी गेलो. जैनबभाभी ओटीवर बसली होती. मी सगळं स्पष्ट सांगून टाकलं, की हाका नव्हत्या, सील होते.

"आवाज कसा व्हता?" तिनं विचारलं.

"भाभी, जाऊ द्या ना."

"काढून दाखवा."

भर दुपारी, परक्याच्या ओटीवर, मी घशातून तो आवाज काढला. तिनं डोळे मिटले. "परत." मी परत काढला. आतली माणसं दाराशी आली.

ती म्हणाली, "नाय. त्यांची हाक अशी नव्हती. जमातीला सांगा, नमाज पढा." आणि आत गेली. बांगड्या एकेक करून ताटात ठेवल्याचं मला बाहेर ऐकू आलं.

त्या जुम्म्याला आम्ही नमाज पढलो. माझा राग तेव्हापासून वाढला आहे. युसूफला इस्माईलभायनं लहानपणापासून अंगाखांद्यावर वाढवलं होतं. बायकोला दोनदा ऐकून जे कळलं, ते इस्माईलभायला त्या धुक्यात पहिल्याच हाकेला कळलं नसेल, असं मी मानत नाही. कळूनही त्यानं भावाला मरू दिलं नाही.