चुन्याची रेघ

आपण पोटासाठी नेमके काय करतो हे कनिमेतला कधी कुणाला नीट सांगता आले नाही. आई जिवंत होती तेव्हा ती शेजारणींना सांगायची की माझा मुलगा न बांधलेल्या घरांचे फोटो काढतो. शेजारणी म्हणायच्या, बरंय की, विटा तरी उचलाव्या लागत नाहीत. कनिमेत मान खाली घालून हसायचा. आईने सांगितले होते त्याहून जास्त त्यालाही काही सुचत नसे.

काम तसे सोपे होते, पण डोळ्यांचे होते. बिश्केकमध्ये कुठे नवी इमारत उठायची असली, की त्या जागेचा एक फोटो त्याच्यापुढे येई. रस्ता, झाडे, विजेचे खांब, मागे डोंगर. फोटो काढणारा माणूस कुठे उभा होता, कॅमेरा जमिनीपासून किती उंच होता, भिंग किती रुंद बघत होते, हे सगळे त्या एका फोटोवरून शोधून काढायचे आणि संगणकातला खोटा कॅमेरा बरोबर त्याच जागी, त्याच उंचीवर नेऊन ठेवायचा. तो नीट बसला, की नकाशातली इमारत त्यातून अशी दिसे, जणू दहा वर्षे तिथेच उभी आहे. खोटा कॅमेरा तसूभर सरकला, तर मात्र इमारत हवेत तरंगल्यासारखी दिसे आणि लहान पोरालाही ते कळे.

तरुणपणी सरकारी नकाशा-कचेरीत त्याने हीच कामे पट्टी-दोऱ्याने केली होती. कचेरी बंद पडली, पट्ट्या गेल्या, संगणक आले. बरोबरीचे लोक टॅक्सी चालवू लागले. कनिमेत शिकला आणि टिकला. आता तो एकोणसाठ वर्षांचा होता आणि आयझादा नावाच्या, त्याच्या मुलीच्या वयाच्या बाईच्या स्टुडिओत बसत असे. ती त्याला बायके म्हणे, म्हणजे थोरला भाऊ, आणि अवघड फोटो आला की त्याच्याच टेबलावर आणून ठेवी.

त्याची स्वतःची एक युक्ती होती. नौरोजच्या, म्हणजे वसंतातल्या नव्या वर्षाच्या सुमाराला गावातल्या सगळ्या झाडांचे बुंधे खालून चुन्याने रंगवतात. किड्यांसाठी म्हणा, शोभेसाठी म्हणा. जुन्या कचेरीत ठरलेला नियम होता, चुना जमिनीपासून दीड मीटर. पालिकेची माणसे आजही कुंचला तिथेच थांबवतात. त्यामुळे झाडांची रांग असलेला कुठलाही फोटो कनिमेतच्या दृष्टीने मापाच्या पट्ट्या उभ्या केल्यासारखाच असे. चुन्याच्या वरच्या कडा जोडल्या की एक रेघ मिळे, बुंध्यांची बुडे जोडली की दुसरी. त्या दोन्ही दूरवर जिथे मिळतात तिथे फोटो काढणाऱ्याच्या डोळ्याची पातळी. आणि चुना दीड मीटर धरला, की बाकीच्या साऱ्या जगाला माप मिळे. अकरा वर्षांत ही युक्ती एकदाही फसली नव्हती.

दोन वर्षांपूर्वीच्या मार्चमध्ये आयझादाने त्याच्यापुढे एक काम ठेवले आणि पत्ता त्याने दोनदा वाचला. बुरुल एजेची गल्ली. बुरुल त्याची थोरली बहीण, एजे म्हणजे ताई. तिच्या घरासमोर, ओहोळापलीकडे, बंद पडलेल्या बालवाडीचे आवार होते. त्यावर बारा मजली इमारत यायची होती. जागा बांधणाऱ्यांचीच होती, पण वस्तीच्या सह्या मिळाल्याशिवाय परवाना पुढे सरकत नव्हता. म्हणून त्यांना घरांतून दिसणारी चित्रे हवी होती.

बाकीच्या घरांचे काही अडले नव्हते. अडले होते ते बुरुलचे, म्हणजे खरे तर तिच्या नवऱ्याचे. जुमाश जेझदेने, म्हणजे दाजींनी, तीस वर्षे खिंडीतून ट्रक नेले. चार वर्षांपूर्वी अर्धांगवायू झाला, वाचा गेली. तेव्हापासून दक्षिणेच्या खिडकीशी त्याची खाट. सकाळी डोंगर दिसला की तो सूप नीट पिई. धुराने डोंगर झाकला की तोंड मिटून घेई. हिवाळ्यात दुपारनंतर तिरपे ऊन आत येऊन त्याच्या पायांवर पडे, तेवढेच त्या खोलीतले ऊन. बुरुलचे म्हणणे एवढेच होते, की इमारत शंभर मजल्यांची करा, पण खिडकीतून डोंगर आणि पायांवर ऊन राहू द्या. राहणार असेल तर मी सही करते, नाही तर मेल्यावर या.

अशा नाजूक कामाला एरवी कनिमेत स्वतः जाई, मापाची लाल-पांढरे पट्टे असलेली काठी फोटोत उभी करी. त्या आठवड्यात मात्र त्याची कंबर धरली होती, उठबस होत नव्हती. शिवाय मार्चमधला कोळशाचा धूर. डोंगर कधी दिसेल याचा नेम नाही. एका पहाटे पाऊस पडून गेला आणि बुरुलचा फोन आला, की डोंगर धुतल्यासारखा दिसतोय, मी काढू का फोटो? तो म्हणाला, काढा, जेझदेच्या उशाशी उभ्या राहा आणि फोन त्यांच्या डोळ्यांजवळ धरा.

फोटो सुरेख आला. तारेच्या जाळीपलीकडे ओहोळाच्या काठाने सात तुतींची रांग, नुकताच लावलेला चुना, मागे बालवाडीची बुटकी भिंत, आणि वर बर्फ. कनिमेतने चुन्याच्या रेघा जोडल्या, पातळी मिळाली, माप मिळाले. बालवाडीच्या डाव्या कोपऱ्याला त्याने इमारतीचा डावा कोपरा लावला. उजवीकडची हद्द शेजाऱ्याच्या छपरामागे होती. ती दिसत नव्हती. इमारत उजवीकडे पसरत गेली आणि डोंगराच्या उंच शिखराच्या अलीकडेच संपली. उजवीकडे एक रुंद फट राहिली. त्या फटीत शिखर होते, आणि दुपारनंतरचा सूर्यही त्याच बाजूला येतो.

एक गोष्ट तेव्हा त्याला खटकली होती. चित्रातल्या मापाने बालवाडीचे फाटक अडीच मीटर उंच निघत होते. पोराटोरांच्या शाळेला एवढे फाटक कशाला, असे त्याच्या मनात आले. मग कोळशाचा ट्रक आत जात असेल, अशी त्याने स्वतःचीच समजूत घातली.

मे महिन्यातल्या सभेत तो चित्र घेऊन स्वतः उभा राहिला. लोकांपुढे बोलायची त्याला सवय नव्हती. तो चित्राकडे बघूनच बोलला. शेजारच्या एका म्हाताऱ्याने विचारले, चित्र खोटं नाही कशावरून? तेव्हा बुरुलच म्हणाली की माझ्या भावाला घरी भाजी मोजून आणता येत नाही, पण ह्यात त्याचा डोळा चुकत नाही. लोक हसले. बुरुलने सही केली. ती शेवटची सही होती.

पुढच्या वर्षीच्या एप्रिलमध्ये गल्लीत झाडे रंगवायचा सामुदायिक दिवस होता. समोर पाया खणून झाला होता. कनिमेत बोरसोक, म्हणजे तळलेले पिठाचे गोळे, आणि साखर घेऊन गेला. बुरुल आधीच ओहोळाकाठी होती, एका हातात बादली, एका हातात कुंचला. तिने एक बुंधा संपवला आणि कुंचला छातीच्याही खालीच थांबवला. कनिमेत सहज म्हणाला, "एजे, अजून वर लावा. दीड मीटर लागतो."

"तो तुमच्या पालिकेच्या बाप्यांना. माझा खांदा ह्याच्या वर जात नाही."

"मागच्या वर्षी कोणी लावला होता?"

"मागच्या वर्षी, त्याच्या मागच्या वर्षी, मीच. ह्या सात झाडांना दुसरं कोण हात लावतंय? पालिकेचा माणूस कोपऱ्यावरून परत जातो, म्हणतो, बुरुलआपा आहेत ना."

कनिमेतच्या खिशात टेप असायचाच. त्याने तो बुंध्याला लावला. एक मीटर दहा. पुढच्या झाडाला लावला. एक मीटर आठ. सातही झाडे मोजून तो ओहोळाच्या काठावर बसला. बुरुलने विचारले, कंबर धरली का? तो हो म्हणाला.

हिशोबाला संगणक लागला नाही. एकशे दहाला त्याने दीडशे धरले होते. म्हणजे फोटोतले सगळे जग त्याने तिसऱ्या हिश्श्याहून जास्त मोठे मानले, आणि त्या फुगलेल्या जगात इमारत मात्र नकाशाप्रमाणे साठ मीटरचीच ठेवली. चित्रात ती चव्वेचाळीस मीटरएवढीच पसरली. उरलेले सोळा मीटर म्हणजे ती फट. फाटक अडीच मीटरचे नव्हतेच. फाटक जेमतेम त्याच्या डोक्याच्या उंचीचे होते.

तरी मनातल्या हिशोबाचा भरवसा नको म्हणून त्याने दुसऱ्या दिवशी स्टुडिओत सकाळीच चित्र पुन्हा बसवले. खोटा कॅमेरा खाली आला, इमारत उजवीकडे पसरली, शिखर गेले, आणि इमारतीची कड थेट शेजाऱ्याच्या छपराला जाऊन टेकली.

आयझादाने दोन्ही चित्रे शेजारी लावून बराच वेळ पाहिली. बाई मनाने वाईट नव्हती; तिने त्याला चहा मागवला. मग म्हणाली की सह्या नकाशावर आहेत, चित्रावर नाहीत, आणि चित्राखाली ओळ आहेच. ती ओळ होती, 'प्रत्यक्षात फरक असू शकतो'. अकरा वर्षे प्रत्येक चित्राखाली ती कनिमेतनेच टाकली होती, फिक्या करड्या रंगात, बारीक, आकाश बिघडू नये म्हणून.

तो पालिकेच्या बांधकाम खात्यात गेला. तीन वेळा गेला. तिसऱ्या वेळी एका तरुण अधिकाऱ्याने त्याला खुर्ची दिली आणि नीट ऐकून घेतले. नकाशात लांबी साठ, जागेवर खुणा साठ, उंची मंजूर तेवढीच. मग तो म्हणाला, "बायके, इमारत बरोबर आहे. चूक तुमच्या चित्राची आहे. चित्राची तक्रार माझ्याकडे कशी घेऊ?"

कनिमेतने विचारले की मग कुणाकडे घेतात. अधिकाऱ्याने प्रामाणिकपणे विचार केला आणि म्हणाला, माहीत नाही. कनिमेतने त्याचे आभार मानले. बाहेर आल्यावर आपण आभार कशाचे मानले, हे त्याला उमगेना.

बांधणाऱ्यांच्या कचेरीत त्याला दारातच एक सुंदर छापलेले माहितीपत्रक मिळाले. त्यावर त्याचेच चित्र होते, फटीसकट, शिखरासकट.

बहिणीला सांगायला त्याने तीन आठवडे लावले. तोवर तळमजल्याचे खांब वर आले होते. तो गेला तेव्हा बुरुल जेझदेला चमच्याने सूप भरवत होती. त्याने सगळे सांगितले, चुन्याच्या मापापासून फाटकापर्यंत. ती भरवत राहिली. हनुवटीवरचा ओघळ पुसून म्हणाली, "म्हणजे मी खांदा अजून थोडा वर नेला असता तर..."

"नाही एजे. मी काठी घेऊन यायला हवं होतं."

"तुझी कंबर धरली होती."

"धरली होती."

ती काही रागावली नाही. रागावली असती तर बरे झाले असते असे त्याला वाटले. तिने वाडगा बाजूला ठेवला आणि विचारले की तुझ्या त्या यंत्रात कॅमेरा कुठेही ठेवता येतो ना? मग माझ्या घरात, आवारात अशी जागा शोध, जिथून ह्यांना डोंगर दिसेल. खाट तिथे नेऊ. भिंत फोडावी लागली तर फोडू.

हे काम त्याला येत होते. आठ दिवस दुसरे काही न करता त्याने बहिणीचे घर संगणकात उभे केले, या वेळी प्रत्येक माप टेपने घेऊन. खोटा कॅमेरा त्याने स्वयंपाकघरात ठेवला, मागच्या खोलीत ठेवला, पडवीत ठेवला, शेगडीजवळ, दाराच्या उंबऱ्यावर, अंगणातल्या बाकावर. सगळीकडे इमारत होती. भिंती काढून पाहिल्या, तरी इमारतच. जमिनीपासून थोडा वर, थोडा पश्चिमेला, असे करत करत अखेर एक जागा सापडली. तिथून शिखराचा एक कोपरा दिसत होता, आणि जानेवारीत चाळीस मिनिटे ऊन येत होते.

त्याने आकडे चार वेळा तपासले आणि बहिणीला सांगितले. जागा कोळशाच्या कोठाराच्या छपरावर होती, आतल्या कोपऱ्यात.

बुरुल खिडकीबाहेर त्या छपराकडे बघत राहिली. पत्र्याचे होते, उताराचे. शिडीच्या दोन पायऱ्या गेल्या वर्षीच मोडल्या होत्या.

"तिथे तर कोंबडीही टिकत नाही," ती म्हणाली.

तिला हसू आले, त्यालाही आले. समोर दुसऱ्या मजल्याच्या लोखंडी सळया बांधत होते. खाटेवरून त्या सळयांच्या मधून अजून बर्फ दिसत होते. दुसरा मजला भरला की जाईल, हे कनिमेतला ठाऊक होते. ऊन पाचव्यापर्यंत टिकेल. बुरुलने विचारले नाही, म्हणून त्याने सांगितले नाही.

जेझदेला कुशीवर वळवायची वेळ झाली होती. डॉक्टरांनी दर दोन तासांनी वळवायला सांगितले होते. एरवी तो खिडकीला पाठ करून भिंतीकडे वळायला तयार नसे, अंग कडक करी. बुरुलला एकटीला जड जाई. तिने खांदे धरले आणि भावाकडे पाहिले. कनिमेत उठला, त्याने पाय धरले. ते थंड होते. दोघांनी मिळून त्याला भिंतीकडे वळवले, आणि जेझदेने या वेळी अंग कडक केले नाही.