कोपरा नसलेली बिल्डिंग

दादाच्या नव्या बिल्डिंगमध्ये एक भिंत सरळ सापडेल तर शपथ! खाली दुकानं, मध्ये ऑफिसं, वर फ्लॅट, आणि सगळंच्या सगळं लाटांसारखं वळलेलं. दादाला त्याचं भारी कौतुक. मला मात्र पहिल्या दिवसापासून राग, कारण राजेंद्र नगरचं आमचं जुनं घर भाड्याने देऊन त्याने बाबांना या बिल्डिंगमध्ये नेलं आणि बाबा हरवायला लागले.

खाली सेव आणायला जायचे, ते भलत्याच मजल्यावर सापडायचे. गार्ड घेऊन यायचा. "अंकलजी फिर घूम गए थे." बाबा हसायचे, पण मान वर करायचे नाहीत. शेवटी दादा म्हणाला, "बाबांचं डोकं चालत नाही आता. एकट्याने खाली जाणं बंद."

मी भडकलेच. "डोकं तुझ्या आर्किटेक्टचं चालत नाही! माणूस जन्मभर नुक्कड बघून वळला. इथे आहे का एक तरी कोपरा?" तणतणत निघाले, ती पार्किंगऐवजी ऑफिसांच्या लॉबीत जाऊन पोचले. इतका आनंद झाला म्हणून सांगू! तिथूनच दादाला फोन लावला. "बघ, मीपण हरवले. आता माझंही डोकं गेलं का?"

तो म्हणाला, "तुझंच खरं निघो, बाई."

रविवारी बाबांना स्कूटरवर बसवून राजेंद्र नगरला नेलं. आमची गल्ली सरळसोट, या टोकाला उभं राहिलं की ते टोक दिसतं. त्यांना तोंडाशीच उतरवलं आणि म्हटलं, "बाबा, तुम्ही घराकडे व्हा पुढे, मी गाडी लावून येते." मुद्दामच रेंगाळले. बाबा एकटे बरोब्बर दारात गेले, एवढंच मला दादाला ठणकावून सांगायचं होतं.

बाबा झपझप निघाले. किराणावाल्याला हात केला. माझा जीव भांड्यात पडला. मग आमचं हिरवं फाटक आलं, त्यांनी दर दिवाळीला स्वतः रंगवलेलं. बाबा त्याच्यासमोरून तसेच पुढे गेले.

मी धावले. गल्लीच्या शेवटी ते उभे होते, गार्डबरोबर यायचे तेव्हा असायचा तसाच चेहरा करून.

"काय गं," ते हळूच म्हणाले, "इथेपण यांनी सगळं गोल करून टाकलं का?"

त्यांचा हात घट्ट धरला.

"हो ना बाबा," मी म्हटलं, "अक्कलच नाही यांना."