झाडापर्यंतचा रस्ता

बोट संध्याकाळी सुटणार होती आणि पाच वाजता बंदराचं दार बंद होणार होतं. तरी सकाळी सातला आम्ही सामान डिकीत टाकून नेमके उलट्या दिशेने, उत्तरेला निघालो. कारण अण्णा. माझे वडील महिनाभरापूर्वी नाशिकहून दोह्याला आले. बिन महमूदमधल्या आमच्या फ्लॅटच्या खिडकीत बसून त्यांनी शहराबद्दल एकच मत दिलं होतं, "सगळं पुसून ठेवल्यासारखं आहे. पुसायच्या आधी काय होतं ते दाखव."

क्रूझ ही त्यांच्या पंचाहत्तरीची भेट. माहितीपत्रकात पानोपानी 'राजेशाही' हा शब्द होता. कप्तानासोबतच्या जेवणाला कोट सक्तीचा, म्हणून तोही घेतला. तो घालून अण्णा आरशासमोर उभे राहिले. "कुणाच्या वरातीत वाजवायचंय मला?" त्यांनी विचारलं.

नोव्हेंबर होता. इथला हिवाळा पानगळीने कळत नाही, कारण गळायला आधी पानं हवीत. गाडीची काच खाली करता आली की हिवाळा आला असं समजायचं. अल खोर मागे पडलं आणि मग नुसती जमीन उरली, पिवळट, खडकाळ, क्षितिजापर्यंत सपाट. झुबाऱ्याचा किल्ला आपल्याकडच्या एखाद्या चौकीएवढा. मी तसं म्हणालोही. अण्णा भिंतीवर तळवा ठेवून म्हणाले, "समुद्रातला दगड आणि माती. या उन्हात उभा आहे. तू राहून दाखव."

जुमैल या ओस पडलेल्या कोळ्यांच्या गावातून परतताना भूक लागली. घरून डबा बांधून निघालेला आपला माणूस तो गाडीत बसून खात नाही. त्याला सावली लागते.

"एखादं झाड बघ," अण्णा म्हणाले.

"अण्णा, हे कतार आहे," माझी बायको मेधा म्हणाली.

पण झाड होतं. रस्त्यापासून दोनेकशे पावलांवर एकच समर (बाभळीच्या जातीचं काटेरी झाड). मधली जमीन पांढरी, कोरडी, टेबलासारखी. मी गाडी खाली उतरवली. निम्म्या वाटेवर पापुद्रा फुटल्यासारखा आवाज आला आणि पुढची चाकं शांतपणे खाली गेली. ती सबखा होती (मिठाच्या पापुद्र्याखाली दडलेला चिखल). दहा वर्षं या देशात राहून मी हा शब्द फक्त साइटच्या अहवालात वाचला होता. अ‍ॅक्सिलरेटर दाबला तशी गाडी आणखी खाली गेली. बारा वाजले होते.

तासाभराने एक पिकअप थांबली. चालकाने आमचं बोलणं ऐकलं आणि खिडकीतूनच विचारलं, "जेवायला निघाला होतात ना झाडाखाली?" दाऊदभाई गुहागरचे, रुवैसच्या जेटीवर बोटी दुरुस्त करणारे. "आमच्या गाववाल्यांच्या दोन गाड्या काढल्यात मी अशा. दोन्हींत डबे होते."

"दोर लावून ओढता येईल?" मी विचारलं.

"माझी आत आणली तर दोन गाड्या काढाव्या लागतील. आणि इथनं दोर पोचायचा नाही."

तेव्हा अण्णांनी पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडला. सदतीस वर्षं ते रस्त्यांच्या कामावर मुकादम होते. महिनाभर आम्ही त्यांना लिफ्टचं बटणही दाबू दिलं नव्हतं.

"चाकांतली निम्मी हवा सोड," ते मला म्हणाले. "मेधा, झाडाखालच्या वाळक्या फांद्या आण. झाडाला हात लावू नकोस. दाऊदभाई, फावडं आहे?"

"आहे, काका. माशांचे क्रेटही आहेत."

"मग रस्त्याकडेची खडी आणा त्यांतून. मोठी खाली, बारीक वर."

फांद्या आडव्या, त्यावर दगड, त्यावर खडी, त्यावर फावड्याची पाठ. चाकांच्या मागे दोन पट्ट्या कडक जमिनीच्या दिशेने हळूहळू सरकत गेल्या. मी एम.ई. सिव्हिल. मला अण्णांकडून दोनदा ऐकावं लागलं, "साहेब, टाकू नका, रचा." पावणेतीनला गाडी त्या पट्ट्यांवरून मागे आली, एकदाही न घसरता. डबा चौघांनी रस्त्याकडेला उभ्याने खाल्ला. दाऊदभाईंच्या फुटपंपाने चाकं भरली आणि आम्ही सुसाट निघालो. घाईत फावडं आमच्याच डिकीत राहिलं.

पाचला सात मिनिटं असताना आम्ही दारातून आत गेलो. अण्णांच्या चपलांच्या पांढऱ्या ठशांनी तिथल्या गालिच्याला जरा माणसात आणलं. दुसऱ्या रात्री कप्तानाच्या टेबलावर त्यांनी कोट घातला. बाह्यांतून बाहेर आलेल्या हातांच्या नखांत अजून माती होती. त्या झुंबराखाली मला अभिमान वाटावा असं दुसरं काही नव्हतं. कप्तानाने विचारलं, दोह्यात काय आवडलं? मी भाषांतर केलं. अण्णा म्हणाले, "सांग, एक काम मिळालं."

परतल्यावर शुक्रवारी आम्ही फावडं द्यायला गेलो. दाऊदभाई फोनवर झाडाजवळच भेटायचं म्हणाले होते. लांबूनच दिसलं, झाडाखाली ते आणि जेटीवरचे तिघेजण चटई टाकून जेवत होते. आमच्या पट्ट्या झाडाच्या बाजूला जिथे संपल्या होत्या तिथून पुढे कुणीतरी शिंपल्यांची आणि दगडांची पायवाट थेट सावलीपर्यंत नेली होती.

ज्या देशात रस्त्याचं उद्घाटन कप्तानाच्या जेवणाएवढ्याच थाटात होतं, तिथे या रस्त्याला पाटीसुद्धा नव्हती.

"या काका, बसा," दाऊदभाईंनी हाक दिली.

अण्णा बसले नाहीत. नव्या भागावरून ते सावकाश चालत गेले, एके ठिकाणी टाच दाबून पाहिली आणि मागे हात केला.

"कड सुटलीय इथे. फावडं दे."