माल दाबू नये

अकोल्याला जठारपेठेत भगवंतरावांचं भाजीचं दुकान आहे. दुकानावर पत्र्याची पाटी आहे आणि तिच्यावर ना दुकानाचं नाव, ना मालकाचं, ना फोन नंबर. लाल रंगात एवढंच लिहिलेलं आहे, ‘माल दाबू नये’. बाहेरगावच्या माणसाला पत्ता सांगताना गल्लीतले लोक म्हणतात, ‘माल दाबू नयेच्या पुढून डावीकडे वळा.’

आता भाजी दाबू नये हे कोणत्याही भाजीवाल्याचं मत असतंच. भगवंतरावांचा मात्र तो धर्म होता. एखाद्या बाईनं टमाटरावर अंगठा टेकवायचा अवकाश, की हे आतून कळवळायचे. ‘ओ बाई, घरी लेकराले असंच दाबता काय?’ बाई तणतणत निघून जायची आणि दुसऱ्या दिवशी मुकाट्यानं परत यायची, कारण माल चांगला असायचा.

मग माल पारखायचा कसा? तर टिचकीनं. टरबूज कानाशी धरायचं, मधल्या बोटानं एक टिचकी मारायची, डोळे मिटून जरा थांबायचं आणि म्हणायचं, ‘घ्या.’ टरबूज लाल निघायचं. कधी पांढरं निघाल्याचं गल्लीत कुणाला आठवत नाही. या टिचकीनं भगवंतरावांचं एवढं नाव झालं, की लोक त्यांना भाजी सोडून भलत्याच खरेदीला धरून नेऊ लागले. शेजारच्या केशवरावांना फ्रीज घ्यायचा होता, तर भगवंतरावांनी दुकानातल्या झाडून सगळ्या फ्रीजना टिचक्या मारल्या. सागाचा दरवाजा झाला, जुनी मोटारसायकल झाली, पाण्याची टाकी झाली. गल्लीतल्या जाईबाईंच्या मुलीला पाहायला आलेला मुलगाही सुटला नाही. पाठ थोपटल्याचा बहाणा करून त्यालाही एक टिचकी बसली. ‘भरीव हाय पोट्टा, देऊन टाका,’ असा निकाल मिळाला आणि तो संसार सुखाचा झाला. संसार सुखाचा व्हायला दुसरीही कारणं असू शकतात, पण विचारतो कोण?

या सगळ्या आयुष्यात एक वाक्य त्यांच्या तोंडून कधी निघालं नाही, ते म्हणजे ‘यातलं मले समजत नाही’. त्यांची बायको माणिकबाई म्हणायची, ‘थे वाक्य ह्या माणसाले देवानं शिकोलंच नाही.’

नात खुशी दुकानातच वाढली. रांगायची तेव्हा तिला टमाटरांच्या रिकाम्या क्रेटमध्ये बसवून ठेवायचे. बोलायला लागायच्या आधी तिला आबांचा पहिला धडा पाठ झाला होता. माल उचलायचा, ठेवायचा, दाबायचा नाही. पोरीचा हात इतका हलका झाला, की तिनं लावलेली टमाटरांची रास पाहायला शेजारचे भाजीवाले यायचे.

हीच खुशी कॉलेजात गेली आणि कॉम्प्युटरवरच्या लढाईच्या खेळात तरबेज झाली. मैत्रिणीच्या घरच्या मशीनवर ती अशी खेळायची, की अकोल्याच्या पोरापोरींच्या संघात तिची निवड झाली. येत्या रविवारी दुपारी अमरावतीच्या संघाशी सामना होता, ज्यानं त्यानं आपापल्या घरून खेळायचा. अट एकच होती. स्वतःचा कॉम्प्युटर पाहिजे. तो नसेल, तर तिची जागा मूर्तिजापूरच्या रोहितला मिळणार होती आणि एकदा गेलेली जागा काही परत येणार नव्हती.

अमरावती हे माणिकबाईंचं माहेर. त्यामुळे त्या घरात अमरावती हे नुसतं गाव नव्हतं, लग्नापासून चाललेलं भांडण होतं. भगवंतरावांनी सामन्याचं ऐकलं मात्र, लगेच टोपी डोक्यावर ठेवली. ‘चाल. पाहून येऊ तुह्यं मशीन.’

खुशीनं महिनोन् महिने व्हिडिओ पाहून, डोळ्यात तेल घालून एकेक भाग निवडला होता. बजेट थोडकं. खेळाचं चित्र ग्राफिक्स कार्ड काढतं, म्हणून जास्त पैसा त्यात घालायचा. प्रोसेसर मागच्या पिढीचा, पण कामाचा. रॅमच्या दोन पट्ट्या, कॅबिनेट साधं काळं. सगळं ठरलेलं होतं आणि आता त्यात आबांची टिचकी येणार होती.

‘तुमी काहून जाता?’ माणिकबाई म्हणाली. ‘पोरीले समजते सारं.’

‘पोरगी लहान हाय. दुकानदार वरचा माल दाखवते अन् खालचा गळ्यात मारते. मले माहीत नाही काय?’

हे मात्र त्यांना खरंच माहीत होतं.

पियुषचं कॉम्प्युटरचं दुकान स्टेशनच्या रस्त्यावर आहे. पियुष तरुण, गोड बोलणारा. भगवंतराव आत शिरले आणि त्यांनी मांडून ठेवलेल्या पहिल्याच कॅबिनेटला टिचकी मारली. कपाळाला आठ्या पडल्या.

‘हे पोकळ हाय.’

‘आबा, कॅबिनेट पोकळच राहते,’ पियुष म्हणाला. ‘बाकीचा सामान त्याच्या आत बसवा लागते.’

‘अस्सं. म्हंजे टोपली झाली. मंग काळी काहून? आतला माल दिसला पाहिजे माणसाले.’ भगवंतरावांनी काचेच्या, सप्तरंगी दिव्यांच्या एका कॅबिनेटकडे बोट दाखवलं. ‘हे घ्या.’

‘आबा, दिव्यानं खेळ चालत नाही,’ खुशी कळवळून म्हणाली. ‘थ्या पैशात रॅमची एक पट्टी येते.’

‘टरबुजाच्या दुकानावर लाल कापड काहून बांधते मंग? कापड काय खायचं राहते?’

बराच वेळ घासाघीस झाली. शेवटी काळं कॅबिनेट आणि त्यात लाल उजेडाचा एक पंखा यावर तह झाला. पंख्याच्या पायी खुशीला आपल्या मनातला कीबोर्ड सोडावा लागला. ती मूग गिळून बसली.

प्रोसेसर हातात आला तेव्हा भगवंतराव चक्रावले. शंकरपाळ्याएवढी ती चकती. तिला टिचकी मारावी तर बोटच मोठं. ‘एवढ्याशाले एवढे पैसे? हे तं कोवळं तोडलं दिसते!’ मग ते हट्टाला पेटले. प्रत्येक वस्तूचे सगळे डबे बाहेर काढा, मी निवडतो.

खुशीनं पियुषकडे पाहिलं. पियुषनं खुशीकडे पाहिलं. तिनं हळूच मान हलवली. पियुष आत गेला आणि खुशीनं ठरवलेल्या कार्डाचेच चार-पाच डबे आणून ओळीनं मांडले. डबे एकाच कंपनीचे, एकाच जातीचे, तंतोतंत सारखे. भगवंतरावांनी ते कानाशी धरले, टिचक्या मारल्या, डोळे मिटले. पहिला ‘बावला हाय, सुकला’ म्हणून बाजूला गेला. दुसरा ‘जून झाला’. शेवटच्यावर त्यांचा चेहरा उजळला. ‘घ्या.’ रॅमचं तसंच झालं, मदरबोर्डाचं तसंच झालं. मागे उभं असलेलं एक गिऱ्हाईक इतकं भारावलं, की त्यानं आपला घेतलेला माऊस पुढे केला. ‘काका, याले बी एक मारा ना.’ त्यालाही मारली.

निघताना भगवंतराव काउंटरला रेलले. ‘पियुषभौ, एवढा माल घेतला. वरून सांभार टाका.’

पियुष गोंधळला. कोथिंबिरीला आपल्याकडे सांभार म्हणतात हे त्याला ठाऊक होतं, पण ती त्याच्या दुकानात नव्हती.

‘अरे, वरून फुकट देते थे. एक रॅमची पट्टी टाकून दे थैलीत.’

रॅम काही मिळाली नाही. माऊसखाली ठेवायचं रबरी पॅड मिळालं. भगवंतरावांनी ते उलटसुलट करून पाहिलं. ‘हे तं पानगोबीचं वरचं पान देल्लं यानं मले,’ असं रिक्षात बसेपर्यंत बडबडत राहिले, पण मनातून खूश होते.

पियुष सगळं जोडून द्यायला तयार होता. खुशीच म्हणाली, माझा पहिला कॉम्प्युटर आहे, मीच जोडणार. रविवारी सकाळी तिनं पलंगावर धुतलेली चादर अंथरली, अंड्यांना हात लावावा तसा एकेक भाग उचलला आणि जागच्या जागी ठेवला. दारात गल्ली जमली. केशवराव तर खुर्ची घेऊनच आले होते. तिनं बटण दाबलं. लाल पंखा गरागरा फिरला, कॅबिनेट आतून लालभडक झालं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. पडदा मात्र काळाच राहिला.

तिनं बंद करून पुन्हा लावलं. पंखा लाल, पडदा काळा. तारा काढून घातल्या, स्क्रू सोडून आवळले. पंखा लाल, पडदा काळा.

‘भगवंतराव, वरून लाल अन् अंदरून पांढरं निंगालं वाटते!’ केशवराव म्हणाले, आणि गल्ली खदाखदा हसली. भगवंतराव उठले. त्यांनी कॅबिनेटला एक टिचकी मारली. मग जरा बाजूला सरकून दुसरी मारली. काही झालं नाही. त्यांनी लोकांना बाहेर काढलं आणि दार लावून घेतलं. लोक गेले नाहीत, ओट्यावर बसले.

आत खुशी रडायला लागली. दुपार जवळ येत होती आणि रोहितचा ‘मी तयार आहे’ असा निरोप संघाच्या ग्रुपवर येऊन पडला होता.

‘आबा, एक सांगू? रागावू नका.’

‘सांग.’

‘पियुषभौनं थे डबे मांडले होते ना, थे सारे सारखेच होते. कोणताबी घेतला असता तरी तेच होतं.’

भगवंतराव म्हणाले, ‘मले माहीत होतं.’

‘मंग टिचक्या काहून मारत होते तुमी?’

‘आपले टरबुजं कोठून येते?’

‘बाळापूरच्या श्रावणकाकाच्या वावरातून.’

‘एकाच वावरातून. एकाच बियाचे. अन् थो श्रावण पिकल्याबिगर तोडतच नाही. सारेच लाल राहते, पोरी. म्या टिचकी मारली काय अन् नाही मारली काय. पन माणूस पैसे देऊन घरी नेते, त्याले भेव वाटते. कोणीतरी “घ्या” म्हनावं लागते त्याले.’

खुशीचं रडणं थांबलं. तिला आपलं सगळं बालपण डोळ्यांपुढे दिसायला लागलं. ‘अन् फ्रीज?’

‘फ्रीज सारेच थंडे.’

‘अन् जाईबाईचा जावई?’

‘थ्या वक्ती मले लई भेव वाटलं होतं,’ भगवंतराव म्हणाले.

ती हसली. डोळे पुसत तिनं काळ्या पडद्याकडे बोट केलं. ‘अन् हे?’

भगवंतरावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. ‘यातलं मले समजत नाही,’ ते म्हणाले. दाराआड उभ्या असलेल्या माणिकबाईच्या हातातला पाण्याचा तांब्या हिंदकळला. एवढ्या वर्षांच्या संसारात तिनं हे पहिल्यांदा ऐकलं होतं आणि ऐकून तिला आनंद व्हायच्या ऐवजी वाईट वाटलं.

तेवढ्यात खुशी मघापासून लावत होती तो पियुषचा फोन लागला. सगळं ऐकून तो म्हणाला, ‘पंखा फिरते अन् पडदा काळा? रॅम पुरी बसली नसंल. दाबली ना?’

‘दाबली.’

‘पुरी दाबली? खट्ट आवाज आला?’

‘आवाज नाही आला. पन दाबली म्या.’

‘कशी दाबली?’ हे भगवंतरावांनी विचारलं.

खुशीनं करून दाखवलं. दोन बोटांची टोकं रॅमच्या पट्टीवर अलगद ठेवली आणि लगेच उचलली. भगवंतरावांनी ती बोटं पाहिली आणि त्यांना कॉम्प्युटरमधलं काही न कळताही सगळं कळलं. ते त्यांचेच हात होते. टमाटरांच्या राशीवर फिरणारे.

‘असं दाबायले कोणं शिकोलं तुले?’

‘तुमीच.’

फोनमधून पियुष ओरडत होता, ‘मशीन बंद करून अंगठ्यानं, जोर लावून!’ खुशीनं अंगठे ठेवले. पण जोर लाववेना. पट्टी मोडेल, चिरडेल, एवढा महागाचा माल. तिनं आबांकडे पाहिलं. जे शब्द भगवंतरावांना म्हणायचे होते ते त्यांनी जन्मात कुणाला म्हटले नव्हते.

‘दाब, पोरी.’

‘मोडली तं?’

‘मोडली तं मोडली. दाब.’ आणि मालाची ती विटंबना डोळ्यांनी बघवेना म्हणून त्यांनी भिंतीकडे तोंड केलं आणि टोपीनं डोळे झाकून घेतले.

खट्ट. थोड्या वेळानं दुसरी. खट्ट. मग बटण दाबल्याचा आवाज आला.

‘फुटली काय?’ त्यांनी भिंतीलाच विचारलं.

उत्तर आलं नाही. त्यांनी टोपी बाजूला केली. पडदा उजळला होता आणि खुशी त्याच्यापुढे अशी उभी होती, की तिला हाक मारावीशी वाटेना. भगवंतरावांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवलेही नाहीत.

आवाज ऐकून ओट्यावरून केशवराव ओरडले, ‘टिचकी लागली काय, भगवंतराव?’

खुशी म्हणाली, ‘हो हो, लागली!’

‘खोटं बोलून राहिली थे,’ भगवंतरावांनी दार उघडून सांगितलं. ‘टिचकीनं काही नाही झालं. पोरीनं दाबलं.’

सामना दुपारी झाला आणि अकोला हरलं. अमरावती जिंकल्याच्या दुःखात माणिकबाईनं साजूक तुपातला शिरा केला. खुशीची संघातली जागा मात्र राहिली.

दुसऱ्या दिवशी भगवंतरावांनी पेंटरला बोलावून दुकानाची पाटी उतरवली आणि खाली एक ओळ वाढवून घेतली. आता तिथे लिहिलंय, ‘माल दाबू नये. रॅम सोडून.’ गिऱ्हाइकं रोज विचारतात, रॅम कोणती भाजी हो? भगवंतराव सांगतात, ‘मले नाही समजत. नातीले इचारा.’