आयरीन शेजारच्या सीटवर बसते

आयरीन वोलाककडे कुणी कॅमशाफ्ट मागायला आलं की ती आधी कोट अंगात चढवते. फळीवरचा खोका काढत नाही, किंमत सांगत नाही. "उद्या कामाला किती वाजता निघतोस?" एवढंच विचारते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी थर्मास मांडीवर घेऊन त्या माणसाच्या शेजारच्या सीटवर जाऊन बसते. वाटेत सिग्नल किती, गाडी रेंगाळते कुठे, उजवा पाय कधी चुळबुळतो, सगळं एका तेलकट वहीत लिहिते. मग सांगते, तुझ्या गाडीला हा कॅम. पटला तर घे, नाहीतर दार उघडंच आहे.

"चर्चमध्ये फादरसुद्धा इतके प्रश्न विचारत नाहीत," असं गावातले लोक म्हणतात. तरी येतात तिच्याकडेच.

मी तिच्या दुकानाच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहते. तीन वर्षं झाली, खालच्या लेथच्या आवाजानंच मला जाग येते. लेथवर तिचा नवरा रे. तो काठी टेकत चालतो. लोकांना वाटतं, लढाईतून आलेला असणार. आयरीन त्रेसष्टची. सोळाव्या वर्षी बापाच्या हाताखाली याच दुकानात उभी राहिली ती अजून उभीच आहे. शुक्रवारी संध्याकाळी तळलेले मासे खायला जाताना ती ब्रशनं नखं घासते, पण नखांतलं काळं काही जात नाही.

कॅम म्हणजे इंजिनच्या पोटात फिरणारा दांडा. त्याच्यावर उंचवटे असतात, ते व्हॉल्व्ह उघडतात. उंचवटे फुगीर, तर मोकळ्या रस्त्यावर गाडी अंगात आल्यासारखी पळते. पण तीच गाडी सिग्नलला उभी राहिली की धापा टाकते, थरथरते, कधी मरूनच पडते. रोज कामावर न्यायच्या गाडीला किती फुगीर कॅम झेपेल, हे ओळखणं म्हणजे आयरीनचं आयुष्य.

एप्रिलमध्ये, हिवाळ्यात बर्फासाठी रस्त्यावर टाकलेलं मीठ धुऊन गेल्यावर, गॉर्डी लिंडक्विस्ट आला. चौतिसाव्या वर्षीच केस विरळ झालेला. शेजारच्या रसीन शहरातल्या छापखान्यात कामाला. गाडी बहात्तर सालची, दोन दारांची, क्लच नसलेली, मोहरीच्या फुलांसारखी पिवळी. आमच्याच गावच्या, आता बंद पडलेल्या कारखान्यातली.

"मिसेस वोलाक, सिग्नलला बंद पडते. तेवढा कार्ब्युरेटर नीट जुळवून द्या."

गाडी दारात चालूच उभी होती आणि तिच्या धक्क्यांनी काउंटरवरची पेन्सिल हळूहळू कडेकडे सरकत होती. आयरीननं ती पडू दिली.

"कॅम कुठला टाकलास?"

त्यानं नंबर सांगितला. तिनं तो एका कागदावर टिपला.

"रेसला जातोस?"

"नाही."

"मग काढ तो."

"कॅम नाही काढायचा." तो एकदम लहान पोरासारखा अडून बसला. "कार्ब्युरेटर जुळवा म्हटलं मी."

"का नाही काढायचा?"

गॉर्डी जरा लाजला. मग ओठ मिटून घशातून आवाज काढला, "डग्... डगडग्... डग्." आणि म्हणाला, "डॅड असा आवाज काढायचे. जेवताना. तोंडात बटाटा असला तरी. पंधरा वर्षं होते कारखान्यात. म्हणायचे, या गाड्या अशा बोलायच्या बघ. ते जाऊन दोन वर्षं झाली. हा कॅम घातला आणि पहिल्यांदा चालू केली ना, तेव्हा..."

आयरीननं खुंटीवरचा कोट काढला. "उद्या किती वाजता निघतोस?"

दुसऱ्या दिवशी मलाही रसीनला जायचं होतं. म्हणून मी मागच्या सीटवर.

आयरीननं इंजिनाला एक रबरी नळी जोडून खिडकीतून आत घेतली होती. नळीच्या टोकाला घड्याळासारखा काटा. तो तिनं गुडघ्यावर धरला होता.

"हे काय?" गॉर्डीनं विचारलं.

"व्हॅक्यूम. इंजिन श्वास ओढतं ना, त्या ओढीवर तुझा ब्रेक हलका राहतो. अठरा पाहिजे."

"किती आहे?"

"आठ. रस्त्याकडे बघ."

गाडी निघाली. माझे दात एकमेकांवर वाजत होते. थर्मासच्या झाकणातली कॉफी उकळल्यासारखी दिसत होती. पहिला सिग्नल, दुसरा, तिसरा. गाडी बंद पडली नाही. गॉर्डीनं आयरीनकडे जरा ऐटीत पाहिलं.

"बघा! तुम्ही बसलात तर शहाण्यासारखी वागतेय."

आयरीन काटा बघत नव्हती. ती खाली, त्याच्या पायांकडे बघत होती. "डावा पाय ब्रेकवर, उजवा गॅसच्या पेडलवर. पेटी वाजवतोस काय?"

"सवय झालीय."

"सवय गाडीला झालीय. तू दोन पायांनी तिला धरून ठेवलंयस म्हणून ती चालू आहे. मला ही अशी नाही बघायची. डावा पाय उचल. एका पायानं चालव, सगळी माणसं चालवतात तशी."

"बंद पडेल."

"पडू दे. कुठे पडते ते बघायलाच बसलेय."

गॉर्डीनं आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. त्यानं डावा पाय उचलला.

पुढे तळ्याकडे उतरणारा रस्ता. समोर दूधवाल्याचा ट्रक रमतगमत चाललेला. गॉर्डीनं ब्रेक दाबला, सोडला. दाबला, सोडला. पुन्हा दाबला. आयरीनच्या गुडघ्यावरचा काटा आठवरून पाचवर आला. ट्रक डावीकडे वळला आणि रस्ता मोकळा झाला. खाली शाळेचं क्रॉसिंग. तिथे आल्डो टोफोली, हिरवट पिवळं जाकीट घालून, हातात स्टॉपची पाटी. बहात्तर वर्षांचा आहे आल्डो, पूर्वी त्याच बंद पडलेल्या कारखान्यात होता. तो सावकाश रस्त्याच्या मधोमध आला आणि त्यानं पाटी उंच केली. मुलं अजून फुटपाथवर होती.

गॉर्डीनं गॅस सोडला. इंजिन दोनदा खोकलं आणि मेलं.

गाडीत इतकी शांतता झाली की मला टायरांचा आवाज ऐकू आला. उतार होता. गाडी जात राहिली.

"ब्रेक," आयरीन म्हणाली.

"दाबतोय!"

"गॉर्डी, ब्रेक!"

"दाबतोय, जात नाहीये खाली! दगड झालाय!"

"दोन्ही पाय! उभा राहा त्याच्यावर! उभा राहा!"

गॉर्डी सीटवरून उठलाच. त्याचं डोकं छताला लागलं. स्टिअरिंगही जड झालेलं, ते दोन्ही हातांनी धरून तो पेडलवर अक्षरशः चढला. आयरीनची वही खाली, थर्मास खाली, कॉफी माझ्या बुटांवर. आल्डोनं एक हात मागे केला आणि तळवा मुलांकडे धरला. पळाला मात्र नाही. पाटी तशीच वर.

गाडी थांबली. पाटीचा दांडा बंपरला टेकला होता. आल्डोचे गुडघे बंपरपासून वीतभर लांब.

मग आल्डोनं बॉनेटवर हात ठेवला.

"हे झाकण बहुतेक मीच बसवलंय," तो म्हणाला. "परत द्यायचं तर घरी आणून द्यायचं रे. थेट पोटात काय घालतोस?"

गॉर्डी दार उघडून बाहेर आला आणि रस्त्यावरच बसला. "सॉरी. सॉरी, मिस्टर टोफोली. यांनी सांगितलं पाय उचल. मी म्हणत होतो, बंद पडेल म्हणून!"

"हो," आयरीन आतूनच म्हणाली. "मीच सांगितलं."

तिचे हात मांडीवर पडलेले होते. काटा शून्यावर होता आणि ती त्याच्याकडेच बघत होती.

आल्डोनं आधी मुलांना पलीकडे नेलं, एकेकाला मोजून. मग आम्ही गाडी ढकलून कडेला घेतली. आल्डो कठड्यावर टेकला. मग गॉर्डीकडे वळला.

"एवढा खोडसाळ कॅम घालून कामावर जातोस? कुणी शिकवलं?"

"डॅड..." गॉर्डी म्हणाला आणि त्यानं तो आवाज काढून दाखवला. हळूच. "कारखान्यातल्या गाड्या अशा बोलायच्या म्हणायचे."

"लिंडक्विस्ट," आल्डो आठवत म्हणाला. "आर्विड लिंडक्विस्टचा तू?"

"हो."

आल्डो हसायला लागला. भीती उतरल्यावर येतं ते हसू, थांबता थांबेना. "अरे बाळा, आर्विड शेवटच्या खोलीत होता. लाइनवरून गाडी उतरली की शंभरातल्या नव्याण्णव गुणगुणत बाहेर जायच्या, शिवणाच्या मशीनसारख्या. एखादीची वायर उलटी लागायची, प्लग सैल राहायचा, ती जायची आर्विडकडे. तो दिवसभर आजारीच गाड्या ऐकायचा. डग्, डगडग्. तो आवाज थांबला की त्याचं त्या गाडीपुरतं काम संपलं!"

गॉर्डी त्याच्याकडे बघत राहिला. शेवटी म्हणाला, "पण ते किती आनंदानं काढायचे तो आवाज."

"मग? त्याला ते बरं करता यायचं ना."

दुपारी गाडी दोरीनं ओढून दुकानात आणली. गॉर्डी काउंटरशी उभा होता, अजून पांढराफटक.

आयरीन आत लेथजवळ रेला सांगत होती, मला वाटतं फक्त त्यालाच, "पुरे झालं. आता नाही बसणार मी कुणाच्या गाडीत. फळीवरून खोका काढून देईन आणि गप्प बसेन."

रेनं लेथ बंद केला. काठी टेकत बाहेर आला आणि गॉर्डीला म्हणाला, "माझा पाय दिसतोय ना? एकोणनव्वद साली मला असाच कॅम हवा होता. आयरीनला म्हटलं, दे, उगाच प्रश्न विचारू नकोस. तिनं नाही विचारले. लग्नाला महिना झालेला. पेडल असंच दगड झालं आणि समोर भिंत होती. तेव्हापासून विचारते."

"रे," आयरीन म्हणाली.

"खोटं बोलतोय का?"

तिनं वळून फळीवरून दोन खोके काढले.

"हा मूळ गाडीत यायचा तसा. हा त्याच्यापेक्षा जरासा मोठा, पण कमी वेगातच जोर देतो. कामाला जायला पुरेल, हायवेवर मजा येईल. उभा असताना थोडा कुरकुरेल, ब्रेकची साथ मात्र सोडणार नाही. आज सकाळी जे झालं त्यात अर्धी चूक माझी. तेव्हा मी सांगणार नाही. तूच उचल."

गॉर्डीनं काउंटरवरचा जुन्या कॅमचा नंबर लिहिलेला कागद पाहिला. मग दोन खोके पाहिले. तो घशातून आवाज काढायला गेला आणि मधेच थांबला.

"दुसरा," तो म्हणाला. "पण बसवताना मी इथे थांबणार."

शनिवारी बसवला. नवा कॅम पहिल्यांदा चालू केला की वीस मिनिटं इंजिन जरा वरच्या वेगात ठेवावं लागतं. मधे खाली येऊ दिलं तर उंचवटे घासून सपाट, आणि लोखंडाचा चुरा सगळ्या इंजिनभर. बॉनेटखाली गॅसच्या दांडीवर गॉर्डीचा हात. समोर आयरीन, घड्याळ धरून. आल्डो बोलावलेलं नसताना आला होता, पेकान घातलेलं क्रिंगल, इथला कड्यासारखा गोड पाव, घेऊन. कापायची मात्र कुणाची हिंमत होईना.

"खाली येतंय," आयरीन सातव्या मिनिटाला ओरडली.

"नाही येत!"

"हात कापतोय तुझा. दुसऱ्या हातानं मनगट धर."

अकरा. चौदा. धूर, गरम रंगाचा वास. सतराव्या मिनिटाला कुठेतरी टक्‌ वाजलं आणि चौघांचेही चेहरे उतरले. रे वाकून बघून आला. "पान्यांची पेटी," म्हणाला. "थरथरून पडली." कुणी हसलं नाही.

"वीस. सोड. हळू."

गॉर्डीनं हात सोडला. इंजिन खाली आलं, खाली, आणखी खाली, आणि तिथे टिकलं. एकसारखं. खोलवर मधूनच एक बारीक कुरकुर. आयरीनच्या हातातला काटा सतरावर उभा राहिला.

सोमवारी सकाळी आयरीनचा कोट खुंटीवरच होता. ती काउंटरशी पावत्या चाळत बसली होती. बाहेर हॉर्न वाजला. मग पुन्हा. मग गॉर्डीच आत आला.

"बसताय ना?"

"खोका दिला ना तुला. झालं की माझं काम."

"कुठे झालं? वहीत माझं पान कोरं आहे."

रेनं आतून लेथ चालू केला, मुद्दाम जोरात. आयरीननं कोट घेतला. मीही मागच्या सीटवर जाऊन बसले.

उतारावर दूधवाल्याचा ट्रक होताच. गॉर्डीनं ब्रेक दाबला, सोडला, दाबला, सोडला. डावा पाय त्यानं सीटखाली दुमडून घेतला होता, आयरीनला दिसेल असा. ती तिकडे बघत नव्हती. समोर बघत होती आणि तिचा स्वतःचा उजवा पाय गाडीच्या तळावर घट्ट रोवलेला होता. खाली आल्डो आला. पाटी वर. मुलं रस्त्यात उतरली.

गॉर्डीनं गॅस सोडला. इंजिन कुरकुरत चालू राहिलं. पेडल खाली गेलं, मऊ, सरळ, आणि गाडी पांढऱ्या पट्ट्याच्या दोन हात अलीकडे थांबली.

शेवटचं मूल जाईपर्यंत आल्डो उभा राहिला. मग त्यानं कान पुढे करून ऐकल्यासारखं केलं आणि खिडकीशी आला.

"चालू आहे का बंद? काही बोलतच नाही ही."

"कामाला चाललीय," गॉर्डी म्हणाला.

आयरीननं वही उघडली आणि पेन्सिल ओली केली. "चल," ती म्हणाली, "मागे लोक खोळंबलेत."