धुऱ्यावरची अकरा भांडणं

त्या दिवशी मी एक बटण दाबून सहकाऱ्याचं तीन दिवसांचं काम पुसलं आणि वर ऐटीत चहा प्यायले.

मी दारव्ह्यात घरी बसून पुण्याच्या कंपनीसाठी प्रोग्रॅम लिहिते. कापूस बाजारात कधी आणायचा, ती पाळी शेतकऱ्याला मोबाईलवर कळवणारं ॲप आम्ही करत होतो. पुण्याच्या सहकाऱ्याने आणि मी एकाच फाइलमधल्या त्याच ओळी बदलल्या, की सॉफ्टवेअर अडून बसतं. डावीकडे माझ्या ओळी, उजवीकडे त्याच्या, खाली रिकामी चौकट: काय ठेवायचं ते सांगा. त्या दिवशी अशी अकरा भांडणं होती. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं! मी सगळीकडे 'माझं ठेवा' दाबलं.

संध्याकाळी साहेबांचा फोन आला. "तू सहकाऱ्याचं सगळं काम पुसलंस. उद्या चारपर्यंत निस्तर. नाहीतर सोमवारपासून पुण्यात ऑफिसला ये." दारव्ह्यात बसूनही हे काम होतं, हे मी वर्षभर भांडून त्यांना पटवलं होतं.

सकाळी कालचं सगळं उलटवलं आणि अकराही भांडणं पुन्हा समोर मांडली. बाबा मागे येऊन उभे राहिले. त्यांची सारी नोकरी जमिनीच्या मोजणीत गेलेली. मी काय झालं ते सांगितलं.

"हे तर धुऱ्याचं भांडण हाय," ते म्हणाले. धुरा म्हणजे दोन वावरांमधला बांध. "तू त्याले इचारलं काय?"

"मी काहून विचारू?"

"मंग निकाल कायचा देऊन राह्यली? दोघांयले उभं केल्याबिगर म्या कधी मोजणी नाही केली."

राग आला, कारण खरं होतं. सहकाऱ्याला फोन लावला. पलीकडून नुसतं कोरडं "बोल" आलं. आधी माफी मागितली, मग त्याला माझा स्क्रीन दाखवला आणि एकेक ओळ घेतली. पाळी काढायचा त्याचा हिशोब माझ्यापेक्षा झटपट होता, मुकाट्याने मान्य केलं. सातव्या भांडणावर तो म्हणाला, "ही बैलबंडीची, म्हणजे बैलगाड्यांची, रांग वेगळी कशाला? मी ती काढून टाकली."

"जुंपलेले बैल ट्रॅक्टरांच्या मागे चार तास उन्हात उभे करायचे?"

तो म्हणाला, "हे मला ठाऊकच नव्हतं गं."

खालच्या चौकटीत आम्ही दोघांनी मिळून लिहिलं: रांग माझी, हिशोब त्याचा. चारला वीस मिनिटं असताना सगळ्या चाचण्या पास होऊन हिरव्या झाल्या. साहेबांचा निरोप आला, "सोमवारी येऊ नकोस. दुसऱ्या गटाच्या फायलीही अडल्यात, त्या तूच सोडव."

मी खुर्चीवरून उडीच मारली. "बाबा, जिंकलो!"

"दोघांयची सही घेतली काय?"

मी स्क्रीनकडे पाहिलं. बदलाच्या नोंदीत एकट्या माझंच नाव होतं. मी त्याचं टाकलं. जरा जड गेलं, पण माझ्या आधी टाकलं.